सुतकी दाढी

रोक्कास्पीना, १७ मे १९६४

प्रिय योलांदा,

पत्र पाहून दचकू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. काम असल्याशिवाय मी लिहीत नाही, हे तू बोलून दाखवण्याआधी मीच सांगून टाकतो. जन्मभर या गावच्या पोस्टात बसून दुसऱ्यांची पत्रं वाटली, त्यामुळे स्वतः लिहायची हौस फिटली असं समज.

तू ब्रशांच्या कारखान्यात आहेस. मला दाढीचा एक ब्रश हवाय. यापुढे घरीच दाढी करायचं ठरवलंय. चौकापर्यंत चढून जायचं, रांगेत बसायचं, त्याच त्याच गप्पा ऐकायच्या, यात सगळी सकाळ फुकट जाते. तुमच्या शहरात शहाणी माणसं घरीच करतात ना? मग आम्ही काय घोडं मारलंय?

इथल्या दुकानदाराला विचारलं तर त्यानं डुक्कर, घोडा, बॅजर आणि नायलॉन अशी चार नावं घेतली. मी दाढी करायला निघालोय की गोठा बांधायला, तेच कळेना. तुझ्या मनाला येईल तो पाठव. फक्त बॅजरचा नको. का नको ते विचारू नकोस.

जरा लवकर पाठव. ७ ऑगस्टला संत दोनातोची जत्रा. मिरवणुकीत मूर्तीचा पुढचा डावा दांडा माझ्या खांद्यावर असतो, तेव्हा त्याआधी हात बसायला हवा. तुझ्या वहिनीनं, फिलोमेनानं, आशीर्वाद सांगितलेत.

तुझा दादा,
एव्हारिस्तो


बोलोन्या, २६ मे १९६४

एव्हारिस्तोदादा,

तुझं पत्र मी लेआर्कोला वाचून दाखवलं. माझा नवरा एरवी सासरच्या माणसांच्या भानगडीत पडत नाही, पण या वेळी पेपर खाली ठेवून म्हणाला, "चाळीस वर्षं एकाच न्हाव्याकडे बसणारा माणूस घरी दाढी करायचं म्हणतो, म्हणजे एक तर न्हावी मेला किंवा भांडण झालं." साबातीनो मेला असता तर तू रडत तार केली असतीस. तेव्हा भांडण कशावरून झालं ते मुकाट्यानं लिही. आणि मूर्तीचा पुढचा उजवा दांडा कोणाच्या खांद्यावर असतो, ते तू लिहायचं टाळलंस हेही माझ्या लक्षात आलंय.

सोबत डुकराचा ब्रश पाठवतेय. हा केस राठ असतो, पहिल्या दिवशी कोणाचं ऐकत नाही. वापरायच्या आधी कोमट पाण्यात चांगला भिजू दे. सुरुवातीला तो सगळा फेस स्वतःच पिऊन टाकेल, वास मारेल, गाल खरवडेल. घाबरू नकोस. रोज तळहातावर साबण घेऊन घोळवत राहा. महिना-दोन महिन्यांनी केसांची टोकं फुटतात आणि मग तो मऊ पडतो. डुकराचा ब्रश आणि नवा जावई, दोघांनाही माणसाळायला वेळ द्यावा लागतो. न्हाव्याकडचा ब्रश आपल्याला छान वाटतो, कारण आपल्या आधी त्यानं गावभरचे गाल सोसलेले असतात.

घोड्याचा केस त्यापेक्षा जरा नरम. नायलॉनचं नाव काढलं की आमचे साहेब तोंड फिरवतात. आणि बॅजर, म्हणजे त्या बिळात राहणाऱ्या जनावराचा केस, सगळ्यात मऊ, पाणी धरून ठेवणारा, लोक लग्नात आहेर म्हणून देतात. तोच नेमका तुला नको. का?

तुझी,
योलांदा


रोक्कास्पीना, ११ जून १९६४

योलांदा,

तुझं डुक्कर पोचलं. पहिल्याच दिवशी घरात असा वास सुटला की शेजारचं मांजर येऊन दारात बसलं, ते अजून गेलेलं नाही. साबणाची अर्धी वडी त्या ब्रशानं गिळली. फेस म्हणून जे गालावर आलं ते पाणीच होतं. वर वस्तऱ्यानं हनुवटीला दोन जागी कापलं. फिलोमेनानं तिथे कागदाचे तुकडे चिकटवले आणि हसू आवरत नाही म्हणून अंगणात निघून गेली.

आता तू विचारलंच आहेस तर ऐक. मी काही लपवत नव्हतो.

एप्रिलातली गोष्ट. साबातीनोचं दुकान भरलेलं होतं. मी नेहमीसारखा खुर्चीत बसलो, डोळे मिटले आणि गालावर काहीतरी फिरलं. फिरलं म्हणजे कळलंसुद्धा नाही. डोळे उघडून पाहतो तर त्याच्या हातात पांढऱ्या टोकांचा नवा ब्रश. म्हटलं, हे काय? म्हणाला, बॅजर आहे, तुझ्यासाठी आणलाय. तू पण याच गावची आहेस. आपल्याकडे बॅजर कोणाला लावतात? अंथरुणाला खिळलेल्यांना. आपल्या आजोबांना शेवटचं वर्षभर साबातीनोचा बाप घरी येऊन बॅजरनंच दाढी करायचा. मी अजून लाकडं फोडतो. मी संताची मूर्ती उचलतो.

मी म्हणालो, "हा म्हाताऱ्यांच्या थोबाडावर फिरव."

तो म्हणाला, "फिरवतोच आहे."

सगळं दुकान हसलं, त्याच्या पोराचं पोरसुद्धा. मी गळ्याचा टॉवेल काढला नि तोंड पुसून निघालो. मागून तो ओरडला की उद्यापासून तुझी तू करत जा. करतोय. चूक त्याची आहे, त्यानं माझ्या दारात यावं. आता मला घोड्याचा पाठव.

एव्हारिस्तो


बोलोन्या, १८ जून १९६४

दादा,

घोड्याचा पाठवलाय. पण मागाहून बैलाचा, बोकडाचा मागू नकोस. ब्रश दाढी करत नाही, वस्तरा करतो, आणि तो आजवर तू एकदाही हातात धरलेला नाहीस. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ते हेच. चार पायांच्या सगळ्या जनावरांनी तुझ्यासाठी आपले केस दिले तरी तुझी हनुवटी कापायची राहणार नाही.

साबातीनो चारचौघांत बोलला ते वाईटच केलं. पण "तुझ्यासाठी आणलाय" असंही तो म्हणाला, ते तू मला लिहिलंस आणि स्वतः मात्र ऐकलं नाहीस. का आणला, हे विचारलंस का त्याला? जत्रेला दोन महिनेसुद्धा उरले नाहीत. त्या मूर्तीखाली तुम्ही दोघं शेजारी शेजारी तोंडं फुगवून चालणार असाल, तर संतच खाली उतरून पायी निघेल.

जा आणि बोल. मोठा आहेस ना?

योलांदा


रोक्कास्पीना, ६ जुलै १९६४

प्रिय योलांदा,

तुझी तब्येत कशी आहे? उन्हाळा फार आहे, सांभाळून राहा. खोकला वगैरे नाही ना? लेआर्को आनंदात आहे ना?

घोड्याचा ब्रश चांगला आहे. फिलोमेनानं परवा त्यानं गोड पावाला अंडं लावलं. मी सध्या गालांना जरा विश्रांती दिलीय.

आपल्या गावाकडून तुला कोणी पत्र लिहितं का? गावचं कोणी बोलोन्याला यायचं आहे का? असलंच तर त्या दिवशी तू घरी नसलेलीच बरी. आणि यापुढे मला लिहिशील तेव्हा पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव म्हणून लेआर्कोचं घाल. पत्ताही त्याच्याच अक्षरात असू दे. पोस्टात हल्ली नवीन पद्धत आली आहे.

तू मला फार प्रिय आहेस, हे कधी बोलून दाखवलं नाही, म्हणून आज लिहितोय.

एव्हारिस्तो


बोलोन्या, १२ जुलै १९६४

माझ्या दादा,

तुझं पत्र वाचून मी स्वयंपाकघरात बसून रडले. इतक्या वर्षांत तू एवढं प्रेमानं कधी लिहिलं नव्हतंस. लेआर्को म्हणतो, कुठेतरी पाणी मुरतंय. मी त्याला म्हटलं, तुला माणसाचं मन कळत नाही, माझा भाऊ एकटा पडलाय, जिवाभावाचा मित्र दुरावलाय, म्हणून त्याला बहीण आठवतेय.

तेव्हा मी ठरवलं. साहेबांकडून रजा घेतलीय. जत्रेला मी येतेय. ५ तारखेच्या गाडीनं उतरेन आणि तुझा हात धरून तुला साबातीनोच्या दुकानात नेईन. तिथे मी बोलेन, तू फक्त उभा राहा.

फिलोमेनावहिनीला सांग, माझ्यासाठी वेगळं काही करू नको.

तुझीच,
योलांदा


रोक्कास्पीना, १६ जुलै १९६४

योलांदा,

येऊ नकोस. तू मेली आहेस.

रागावू नकोस, शांतपणे वाच. तुझा घोडा घेऊन मी आठवडाभर झुंजलो. गालांची इतकी चाळण झाली की शेवटी वस्तरा ठेवून दिला आणि दाढी वाढू दिली. तशा तोंडानं रविवारी चर्चला गेलो, ही माझी चूक. तुला शहरात राहून विसर पडला असेल, पण आपल्याकडे पुरुष दाढी वाढवतो ते एकाच कारणासाठी. पायऱ्यांवर आदेलिना मावशी भेटली. तिनं माझ्या गालांकडे पाहिलं, छातीवर हात ठेवला आणि विचारलं, "कोण गेलं रे?"

खरं उत्तर होतं की कोणी नाही गेलं, मला दाढी करता येत नाही. ते त्या पायऱ्यांवर, बायकांच्या घोळक्यात, कसं सांगणार? मी एक सुस्कारा टाकला. एवढाच माझा गुन्हा. पुढचं तिनंच जुळवलं. बोलोन्याहून दोन पार्सलं आली होती, ती तिनं पाहिली होती. म्हणाली, योलांदाच्या वस्तू आल्या वाटतं. मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तोवर तिनं क्रूसाची खूण केली होती, आणि संध्याकाळपर्यंत गावानं तुला पुरलं होतं.

मग जेवणं यायला लागली. सुतकाच्या घरी चूल पेटवायची नाही, शेजाऱ्यांनी घालायचं, हे तुला आठवतच असेल. आदेलिना मावशीनं आपली अंड्यावरची कोंबडी कापली. कोणी मटणाचा रस्सा आणला, कोणी भाजलेल्या मिरच्या. फिलोमेना पहिल्या दिवशी माझ्यावर खेकसली. आता धुराड्यातून धूर दिसला तर लोक काय म्हणतील, या भीतीनं ती स्वतःच चूल पेटवू देत नाही. तुझ्या मरणानं माझं पोट सुटलंय, आणि एक घास मला गोड लागत नाही.

कारण सुतकातला माणूस संताची मूर्ती उचलत नाही. पाद्रीबाबांनी सांगितलं की यंदा माझा दांडा मळ्यातल्या बेर्तोकडे जाईल. तो साबातीनोपेक्षा हातभर उंच आहे. साबातीनोची नि माझी उंची सारखी, म्हणून तरुणपणी आम्हाला जोडीनं पुढे उभं केलं होतं. तेव्हापासून एक जत्रा चुकलेली नाही.

खरं सांगावं तर गाव मला मरेपर्यंत हसेल, आणि सगळ्यात आधी तो हसेल. न सांगावं तर जत्रा जाते. मला काही सुचत नाही. तू तेवढी येऊ नकोस. आदेलिना मावशीचं हृदय आधीच नाजूक आहे.

एव्हारिस्तो


रोक्कास्पीना, १७ जुलै १९६४

श्री. लेआर्को यांस,

तुमची-माझी ओळख नाही. मी रोक्कास्पीनाचा न्हावी साबातीनो. तुमच्या पत्नी योलांदा गेल्याचं कळलं. लहानपणी त्या आमच्या दुकानाच्या दारात उभ्या राहून सगळ्यांच्या नकला करायच्या. माझी नक्कल फार चांगली करायच्या. देव त्यांना शांती देवो. मला असली पत्रं लिहिता येत नाहीत, सांभाळून घ्या.

एक गोष्ट मागायची आहे. तुमच्या दुःखात ती मागू नये, पण माझ्याकडे दुसरा रस्ता नाही. एव्हारिस्तोशी माझा अबोला आहे. कारण मी आहे. गेल्या हिवाळ्यापासून माझ्या लक्षात येत होतं, की त्याच्या गालांची कातडी पातळ झालीय. जुना ब्रश फिरवला की तो खुर्चीचे हात घट्ट धरायचा, डोळ्यांत पाणी यायचं. पण कधी एका शब्दानं म्हणाला नाही. मला वाईट वाटेल म्हणून म्हणाला नसणार, तो तसाच आहे. मी गुपचूप बॅजरचा ब्रश मागवला. हे त्याला बाजूला घेऊन सांगायचं, ते मी भरल्या दुकानात गंमत केली. चार लोक समोर असले की माझ्या जिभेला हाड राहत नाही. तो उठून गेला, आणि मी मागून आणखी एक बोललो.

आमच्याकडे सुतक सरलं की पहिली दाढी करायला न्हावी घरी जातो. पण बोलावणं यावं लागतं. ते येत नाही. जत्रेत माझ्या शेजारी दुसरा कोणी नको आहे मला. तुम्ही त्याला लिहाल तेव्हा एवढंच लिहा, की साबातीनोला बोलाव.

तुमच्या दुःखात सहभागी,
साबातीनो


बोलोन्या, २३ जुलै १९६४

साबातीनोभाऊ,

लेआर्कोच्या नावानं आलेलं तुमचं सांत्वनाचं पत्र मी वाचलं आणि मला फार बरं वाटलं. माझ्याबद्दल इतकं चांगलं आजवर कोणी लिहिलं नव्हतं. मी मेलेली नाही. तुमची नक्कल अजून करते, लेआर्को हसून हसून लोळतो.

तुमच्या मित्राला दाढी करता येत नाही. तुमच्याविना त्याची दाढी वाढली, आणि गावानं तिचा अर्थ लावला. खरं सांगायची त्याला लाज वाटते. तुम्ही हसाल, ही त्याला सगळ्यात मोठी भीती आहे. एवढं मी सांगितलं. त्याच्या गालांचं मात्र मी त्याला लिहिणार नाही, ते तुमचं तुम्ही बोला.

आमच्या कारखान्यात केस पारखायचं काम मीच करते. दिवसभर हातांत डुक्कर, घोडे, बॅजर असतात. तुम्ही दोघं त्या सगळ्यांपेक्षा राठ आहात.

बोलावण्याची वाट बघू नका. मी मेलेली आहे तोवर तुम्हाला त्याच्या घरी जायला निमित्त आहे. माझ्या मरणाचा तेवढा तरी उपयोग करून घ्या.

तुमची,
योलांदा


रोक्कास्पीना, ९ ऑगस्ट १९६४

प्रिय योलांदा,

तू जिवंत झालीस. सविस्तर सांगतो.

जत्रेच्या आदल्या दुपारी साबातीनो आला. काळा टाय, बगलेत पेटी. मी बोलावलं नव्हतं. फिलोमेनानं खुर्ची खिडकीपाशी ओढली, जणू तिला आधीच माहीत होतं. त्यानं भांडं मांडलं, जुना डुकराचा ब्रश भिजवला आणि दाढीला फेस लावायला घेतला. आणि तुझ्याबद्दल बोलायला लागला. योलांदा किती गुणी होती. किती कमी बोलायची. तिथेच मला संशय यायला हवा होता. मग म्हणाला, तिचं माझ्यावर मन होतं, एकदा विहिरीपाशी तिनं मला सांगितलंही होतं. माझ्या तोंडावर फेस, मी काय बोलणार? उजवा गाल करून झाला, तोवर त्यानं तुला जवळजवळ संत करून टाकलं होतं. डाव्या गालाला ब्रश लावला तेव्हा मला राहवलं नाही.

मी म्हणालो, "थांब. योलांदा जिवंत आहे."

तो म्हणाला, "ठाऊक आहे. तिचं पत्र आलंय."

एवढं बोलून त्यानं वस्तरा पुसला, पेटी बंद केली आणि टाय काढून खिशात घातला. म्हणाला, सुतक नसेल तर न्हावी घरी येत नाही. उद्या सकाळी मूर्ती उचलणाऱ्यांची दाढी दुकानात आहे, यायचं तर ये. आणि गेला. माझा एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर महिनाभराचं जंगल आणि त्यावर वाळत चाललेला फेस.

रात्रभर मी त्याला शिव्या दिल्या. दुसरा गाल स्वतः करायला दोनदा वस्तरा उचलला आणि दोनदा ठेवला. फिलोमेना अंधारात म्हणाली, एव्हारिस्तो, तुला दाढी करायची नाहीये, तुला त्याच्याकडे जायचंय.

सकाळी तसाच निघालो. चौक जत्रेच्या माणसांनी भरलेला, बँडवाले वाजवायचे थांबले. दुकानात मूर्तीचे सगळे मानकरी बसलेले, बेर्तो माझ्या जागी, दारात पाद्रीबाबा आणि आदेलिना मावशी. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी पाठ केलेलं सगळं विसरलो. म्हणालो, "कोणी मेलेलं नाही. योलांदा बोलोन्यात सुखरूप आहे. मला माझी दाढी करता येत नाही, आणि साबातीनोवाचून मला करमत नाही."

योलांदा, लोक असे हसले की बँडवालेही वाजवायला लागले. आदेलिना मावशीनं आधी देवाचे आभार मानले, मग मला तिच्या कोंबडीचा हिशोब विचारला. पुढच्या वर्षी तू आलीस की ती तुला चिमटा काढून बघणार आहे. पाद्रीबाबांनी मला पंधरा दिवस चर्च झाडायला सांगितलंय. बेर्तो लगेच उठला. मळ्याकडे जाताना त्याचा चेहरा उजळलेला दिसला, त्याला दांडा नकोच होता.

हसला नाही तो एकटा साबातीनो. त्यानं खुर्ची झटकली, मी बसलो, त्यानं टॉवेल बांधला. मग दोन्ही ब्रश माझ्यासमोर धरले, एक जुना, एक पांढऱ्या टोकांचा, आणि हळूच विचारलं, "कोणता?" त्याच्या विचारण्यात गंमत नव्हती. त्या क्षणी मला समजलं की त्याला सगळं माहीत आहे. हिवाळाभर मी खुर्चीचे हात का धरत होतो ते माहीत आहे, आणि मी का बोललो नाही तेही. दुकानातली माणसं ऐकत होती, पण आता मला त्याचं काही वाटेना.

मी म्हणालो, "मऊ लाव. म्हातारा झालोय मी."

कोणी हसलं नाही. त्यानं जुना ब्रश फळीवर ठेवला, बॅजरचा कोमट पाण्यात बुडवला, पाणी झटकलं आणि माझ्या गालावर फिरवायला लागला. जरा वेळानं माझ्या कानाशी वाकला.

"घरी मीसुद्धा हाच लावतो," तो म्हणाला. "दुकानात सांगायची लाज वाटायची."

तुझा दादा,
एव्हारिस्तो